उसना दिलेला गुडघा

तारीख ३, सोमवार

नातीनं ही वही दिली आणि म्हणाली, "आजी, रोज लिही. नवा गुडघा बसल्यावर वाचायला मजा येईल." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, तीही अर्ध्यात. तर म्हणते कशी, "तू बोलतेस तसंच लिही, फक्त मध्ये मध्ये श्वास घे." बापासारखीच आगाऊ आहे.

तर लिहायचं ते हे की माझा नंबर लागला! परदेशातून डॉक्टरांचं पथक आलंय. आपापल्या सुट्ट्या घालवून, पदरच्या पैशानं तिकिटं काढून आलेत म्हणे. बारा दिवसांत चाळीस माणसांचे गुडघे बदलणार, फुकट. गुडघे येताना खोक्यांत भरून आणलेत. सून म्हणाली, "फुकटचं आहे, नीट बघून घ्या हं." मी म्हटलं, "अगं गुडघा आहे तो, वांगं नाही दाबून बघायला."

मला गुडघा काही मिरवायला नकोय. माझी लेक समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. दोनदा पोटातलं गेलं तिचं. आता तिसऱ्यांदा नववा महिना लागलाय आणि तिच्या डॉक्टरीणबाईंनी सक्त पडून राहायला सांगितलंय. जावई सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. दिवसभर पोर एकटी. मी खाली खिडकीत, ती वर खिडकीत, मध्ये रस्ता. हात हलवायचा, फोनवर बोलायचं. ती म्हणते, "आई, तू फक्त दिसत राहा." दिसून काय होतंय? वेळेला हाताशी असायला हवं. चार वर्षांत मी तिच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आता टाकणार!

तारीख ५, बुधवार

दवाखान्यात दाखल झाले. खाट खिडकीजवळची, चादर कडक इस्त्रीची. अशी चादर माझ्या लग्नातसुद्धा नव्हती.

मोठे डॉक्टर इतके उंच आहेत की दारातून येताना मान वाकवतात. मी त्यांचं नाव शिडी ठेवलंय. व्यायाम घेणारी एक गोरी पोरगी आहे, तिला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो, "वाकवा". सकाळपासून प्रत्येकाला वाकवा, वाकवा. ती वाकवाबाई.

या लोकांची एक पद्धत आहे. दोन दोन पेशंटांची जोडी लावतात. एकीनं गुडघा वाकवायचा, दुसरीनं मोजायचं, म्हणजे कुणी चुकारपणा करत नाही. माझ्या जोडीला शेजारच्या खाटेवरची शिवणबाई आली. जन्मभर पायानं मशीन मारून उजवा गुडघा झिजवलाय. माझाही उजवाच. बाई अंगानं काडी, बोलायला मोजकी. पण मी असल्यावर दुसऱ्यानं बोलायची गरज कुठं पडते?

संध्याकाळी मात्र बोलली. घरी थोरली बहीण आहे, ताई, अंथरुणाला खिळलेली. हातानं खाते-पिते, पण स्वतःला कूस बदलता येत नाही. रोज दुपारी दोनला ही तिला वळवते. सहा वर्षांत पाठीला एक फोड येऊ दिलेला नाही. आता आठवडाभरासाठी दूधवालीला सांगून आलीय. "दवाखान्याच्या कागदावर मी एकटीच राहते असं लिहिलंय," मला हळूच म्हणाली. "मागे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे म्हटलं, तर म्हणतील घरी आराम कसा होणार, आणि नाव काढून टाकतील."

मी म्हटलं, "माझ्या पोटात राहील." मग रात्रीच्या जेवणाला जी भेटली तिला सांगायचा मोह झाला, पण आवरला. हे मुद्दाम लिहितेय, कारण घरी कुणाला खरं वाटणार नाही.

तारीख ६, गुरुवार

उद्या ऑपरेशन. शिडीनं येऊन निळ्या पेनानं प्रत्येकीच्या गुडघ्यावर खूण केली, कापताना पाय चुकू नये म्हणून. मला गुदगुल्या झाल्या.

माझा नंबर सकाळी पहिला, शिवणबाईचा शेवटून दुसरा. तिचा जीव टांगणीला. जेवढा उशीर तेवढं घरी जाणं पुढं. मी म्हटलं, "माझी पाळी तू घे. मी काय, दिवसभर गप्पा मारीन." मोठ्या सिस्टरांनी आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांना विचारलं, मग हो. कागदावरचे नंबर बदलले. शिवणबाईनं माझा हात धरला. म्हणाली, "तुमचं उसनं राहिलं माझ्याकडे." काय पण बाई! पाळीचं कसलं उसनं?

तारीख ८, शनिवार

झालं! मला नवा गुडघा बसला! दुखतंय असं की विचारू नका, पण हे दुखणं नवंकोरं आहे, जुन्यासारखं कुजकट नाही.

मला काल न्यायला फार उशीर केला. सगळ्यांची धावपळ चालली होती, काय ते कुणी सांगेना. शिवणबाईची खाट रिकामी, चादर नवी घातलेली. मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्या सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "त्यांना हलवलं." वरच्या मजल्यावर चांगल्या खोल्या आहेत म्हणे. पहिला नंबर असल्यावर मान मिळणारच.

शिडीचे डोळे लाल होते. माझ्या खाटेशी बसून राहिला. एवढा मोठा माणूस, घरची आठवण येत असेल. नातीनं आणलेलं एक संत्रं त्याला दिलं. हातात धरून बसला, सोललंच नाही.

तारीख ९, रविवार

आज शिवणबाई येऊन गेली! दुपारचे दोन वाजले असतील. जेवणं झाली होती, वॉर्डात सगळ्या पेंगत होत्या, सिस्टर आपल्या खोलीत. डोळा उघडते तर ही स्टुलावर बसलेली.

अंगावर तोच हिरवा ऑपरेशनचा झगा, पाय अनवाणी. मी रागावले. "अगं, दोन दिवस झाले, घरचे कपडे घाल की." ती नुसती माझ्या पायाकडे बघत होती. मला नवल वाटलं ते हे की तिच्या गुडघ्याला पट्टी नाही, टाका नाही, काहीच नाही. निळी खूण तेवढी ओली असल्यासारखी ताजी. माझी तर केव्हाच धुवून गेली. म्हणजे हिचं ऑपरेशन पुढं ढकललेलं दिसतंय. पाळी बदलून उपयोग काय झाला मग? वाईट वाटलं.

तारीख ११, मंगळवार

एक गंमत लिहिते. घरी वाचून दाखवायची नाही.

शिवणबाई काल आली, आजही आली. म्हणाली, "ताई सहा दिवस एकाच कुशीवर आहे. मला चालवत नाही." आवाज तिचा बसलाय, लांबून आल्यासारखा. मग माझ्या पायावर हात ठेवून म्हणाली, "घटकाभर उसना द्याल? चारच्या आत परत करते."

मी हसले. आता हिला काय म्हणावं! पण जन्मभर शेजारणींना साखर दिली, छत्री दिली, एकदा तर नवऱ्याचे बूट दिले वऱ्हाडाला जायला. नाही म्हणायची जिभेला सवयच नाही. म्हटलं, "घे बाई. मी तशीही पडूनच आहे."

तिनं हात काढला आणि माझा पाय मांडीपासून गार पडला. लाकडाची फळी जशी. दुखणंसुद्धा गेलं. तीन वाजता वाकवाबाई आली, वाकवा म्हणाली, पण वाकवणार काय? तिनं टाचणीनं टोचलं, मला कळलं नाही. ती घाबरून शिडीला घेऊन येईपर्यंत चार वाजले आणि एकदम टाचेपासून ऊब चढली, ठणका सुरू झाला आणि गुडघा वाकला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला हसू आवरेना.

तारीख १४, शुक्रवार

रोज दोनला नेते, चारच्या आत आणून देते. वेळेची पक्की आहे. आणि चांगल्या घरच्या बाईसारखं भांडं रिकामं परत करत नाही. पायाबरोबर काहीतरी येतंच. एकदा टाचेच्या भेगांत विटांची लाल धूळ आली. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "बाहेर गेला होतात का?" मी म्हटलं, "अहो, मी संडासापर्यंत धड जात नाही." एकदा अंगठ्याला निळा दोरा गुंडाळलेला होता.

काल तर पाय परत आला तो वाटच घेऊन आला. वीटभट्टीमागून जायचं, पाण्याच्या टाकीशी वळायचं, तिसरं घर. दार खालून अर्धंच हिरवं रंगवलेलं, बसून जिथवर हात पोचतो तिथवर. हे मला कुणी सांगितलं नाही. शिवणबाई बोलतच नाही आता. पण डोळे मिटले की दिसतं.

आणि पलीकडच्या खाटेवरची मला म्हणाली, "दुपारी कुणाशी बोलता हो एकट्याच?" मी म्हटलं, "जोडीदारणीशी." ती कूस बदलून झोपली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती.

तारीख १५, शनिवार

पथक आज गेलं. चाळीसपैकी एकोणचाळीस गुडघे झाले, असं मोठ्या सिस्टरांनी भाषणात सांगितलं आणि भाषण तिथंच सोडून खाली बसल्या. मी दवाखान्याच्या दहा पायऱ्या चढून दाखवल्या, टाळ्या वाजल्या. शिडीनं वाकून नमस्कार केला. वाकवाबाई रडली. मी म्हटलं, "वाकवा," तर हसली.

घरी आले.

तारीख १८, मंगळवार

मला वाटलं होतं शिवणबाई घरी येणार नाही, पत्ता कुठं दिलाय? तर एक दिवसही चुकली नाही. आजही दोनला खिडकीतल्या खुर्चीवर बसले होते, तशी दारात उभी. तोच झगा. सून समोरून ताटं घेऊन गेली, तिला "या" म्हणाली नाही की काही नाही. हल्लीच्या मुलींना रीत नाही. सुनेनं नुसती शाल ओढून घेतली आणि म्हणाली, "कुठून एवढं गार येतंय?"

तारीख २४, सोमवार

आज चढले! चोपन्नच्या चोपन्न! नात एका बाजूला, कठडा एका बाजूला. दुसऱ्या मजल्यावर दम खाल्ला, तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, अर्धा तास बोलत बसलो. नातीनं ओढून नेलं.

लेकीनं दार उघडलं आणि दोघीही रडलो. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. डबे भलत्याच जागी ठेवते, ते लावून दिले. ती म्हणाली, "आई, आता इथंच राहा. दिवस भरत आलेत, मला भीती वाटते."

मी म्हटलं, "मला दोनच्या आत खाली असावं लागतं."

"का? दोनला काय आहे?"

"एक बाई येते."

"मग तिला वर बोलाव."

आता हिला कसं सांगू? शिवणबाई तीन मजले कशी चढणार, तिचा गुडघा तर अजून तसाच. मी म्हटलं, "सकाळी येत जाईन ना." लेकीचं तोंड एवढंसं झालं. जावई म्हणाला, "आईंना पत्त्यांचा अड्डा मिळालेला दिसतोय."

मला मागून घ्यायला हवं, कळतंय. पण दिलेली वस्तू परत मागायला जीभ रेटत नाही. आणि ताईचं काय? बाळ व्हायला अजून दहा दिवस आहेत. आठवडाभर देते, मग स्पष्ट सांगते.

तारीख २७, गुरुवार

मी आजी झाले! नातीची होतेच, आता दुसऱ्यांदा झाले! मुलगी! अक्षर गेलं तर जाऊ दे.

सव्वादोनला फोन वाजला. पाय नुकताच नेलेला, फळीसारखा पुढं. लेक ओरडत होती, "आई, पाणी गेलं, कळा थांबत नाहीत, मला उठवत नाही." घरात कुणी नाही. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, वीस मिनिटं म्हणाले. जावयाचा फोन लागेना. मी काठी घेतली, गार पाय ओढत रस्ता ओलांडला. फळवाला "आजी, पडाल" म्हणत धावला, त्यानं जिन्यापर्यंत आणलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, ठेवला कसला, आदळला. उचलेचना. वरून लेकीचा आवाज येत होता. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग मला राहवलं नाही. भर रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, माझा गुडघा दे परत! आत्ताच्या आत्ता! चार वाजायची वाट बघू नकोस, हातातलं टाक आणि ये!" फळवाला बघतच राहिला.

आणि आला. टाचेपासून आग चढावी तसा आला. मी चढले ती कशी चढले, मला आठवत नाही. फळवाला सांगतो, दोन दोन पायऱ्या. काठी खालीच राहिली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर डोकं आलेलंच होतं. गळ्याभोवती नाळेचा वेढा, बाळ निळंशार. बोट घालून सोडवला. पाठ चोळली. एक, दोन, तीन, मोजत होते मी. सातला रडली. गाडीवाले आले तेव्हा मी तिला कपड्यात गुंडाळून बसले होते. त्यांच्यातली नर्स म्हणाली, "दोन मिनिटं उशीर झाला असता तर आजी, काही खरं नव्हतं."

दोन मिनिटं. माझ्या गुडघ्याची कमाई. शिवणबाईचे उपकार की लगेच दिला.

तारीख २९, शनिवार

लेक आणि बाळ घरी आले. दोघी ठणठणीत.

शिवणबाई काल आली नाही, आजही नाही. दोनला खाली खुर्चीत पाय पुढं करून बसले होते. रागावली असेल का? ओरडले तिच्यावर, तेही रस्त्यात. उद्या स्वतःच जाऊन येते. बाळाची बातमी द्यायची, बरं वाटेल तिला.

तारीख ३०, रविवार

रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "पत्ता?" मी म्हटलं, "तू चल, मी सांगते." वीटभट्टी, टाकी, वळण. एकदाही चुकले नाही. उतरले आणि पाय आपणहून पुढं गेला, जशी गाय गोठ्याकडे जाते. दार अर्धं हिरवं. मोठं कुलूप होतं. कडीकोयंडा फोडून नवा बसवलेला.

शेजारच्या ओट्यावर दूधवाली किटली घासत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज कशाला आलात?"

मी म्हटलं, "बाई, मी पहिल्यांदाच येतेय."

"पहिल्यांदा?" ती उठून उभी राहिली. "आजी, रोज दोनच्या ठोक्याला कोण येत होतं मग? शिवणबाई बिचारी भूल देतानाच गेली. तिला शेवटचं पोचवायलाही आम्हीच चार भट्टीवाले. मला घोर पडला, आता थोरलीचं काय. माझ्याच्यानं काही ती वळत नव्हती, मी दूध द्यायची तेवढंच. चौथ्या दिवशी तुम्ही आलात. मी म्हटलं, देव पावला, दवाखान्यानं बाई पाठवली."

मी तिच्या ओट्याच्या कडेला टेकले.

"दोन आठवडे किती केलंत तिचं. कूस बदलायची, पाठ पुसायची, वेणी घालायची. मी बघत होते ना खिडकीतून. मग गुरुवारी काय झालं तुम्हाला? तिला अर्धी वळवली होतीत, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. आणि मधेच सोडलीत. मागं बघितलं नाहीत. मी दारावर धावले तर आतून कडी. तुम्ही गेलात कुठून तेच कळलं नाही. माणसं बोलावून दार फोडेपर्यंत अर्धा तास गेला. उशीत तोंड घालून पडली होती, श्वास संपलेला. एवढंसं वळवायचं राहिलं होतं, आजी. एवढंसं." तिनं बोटांनी अंतर दाखवलं.

मला सांगायचं होतं की मी तेव्हा दवाखान्यात होते, वॉर्डातल्या सगळ्या साक्षीला आहेत. घरी होते, सुनेला विचार. गुरुवारी जिन्याशी होते, फळवाल्याला विचार. दूधवालीनं विचारलं, "कोणाचं एवढं काय अडलं होतं?" मी म्हटलं, "माझ्या लेकीचं." ती किटली घेऊन आत गेली.

"हलवलं" म्हणजे काय ते मला आज कळलं. बावीस दिवस उशिरा.

परत आले ती सरळ लेकीकडे. चोपन्न पायऱ्या, कठड्याला हात न लावता. दुखलं नाही. लेक म्हणाली, "आई, बरं झालं आलीस. बाळ एकाच कुशीवर झोपलंय कधीचं, जरा त्या अंगावर कर."

मी वाकले. एक हात बाळाच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. पाय रोवले, दम धरला आणि सगळा भार गुडघ्यावर घेऊन वळवायला लागले.

लेक हसली. "अगं आई, केवढा तो जोर! अडीच किलोचं बाळ आहे ते. मोठ्या माणसाला वळवल्यासारखं काय करतेस?"

मी म्हटलं, "सवय."

आणि पूर्ण वळवून होईपर्यंत मी हात काढले नाहीत.